जुनी पेट्रोल गाडी स्लोला बंद पडते तेव्हा



ट्रॅक्टर आणि डिझेल इंजिनाविषयी कार्यक्रमात पुष्कळदा बोलणे होते. पण सोमेश्वरनगर, करंजे, वाघळवाडी, कोऱ्हाळे या भागात फिरताना कित्येक घरांपुढे एक जुनी पेट्रोल गाडी उभी दिसते. कुणाची मारुती ८००, कुणाची ओम्नी व्हॅन, एखाद्याकडे अजून जपून ठेवलेली पद्मिनी. बाजारहाट, दूध, लग्नकार्य, रात्री-अपरात्री दवाखाना, सगळे तिच्यावरच. या गाडीबद्दल आपण कधी बोललो नाही आणि श्रोत्यांचा प्रश्न तर सारखा येतो, "साहेब, गाडी रस्त्याला चांगली पळते, पण गतिरोधक आला, पाय काढला की बंद पडते. इथेनॉलमुळे होतं का हो?"

मी कृषी पदवीधर आहे, मिस्त्री नव्हे. पण माझ्याकडेही अशीच एक जुनी कार्बोरेटरची गाडी आहे आणि तिने मला बरेच शिकवले आहे. त्यात जाणत्या मिस्त्रींकडून ऐकलेले मिळवून ही माहिती आपल्यापुढे ठेवतो. कार्यक्रमात ऐकलेले विसरते, म्हणून छापून देत आहोत.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. आपल्याच भागातील एक बागायतदार रात्री घरच्या बाईमाणसाला घेऊन बारामतीला दवाखान्यात निघाले. गाडी प्रत्येक वळणावर बंद. शेवटी त्यांनी एक्सलेटरवरचा पाय काढायचाच नाही असे ठरवले. गतिरोधक आला तरी रेस तशीच आणि नुसता क्लच दाबून ब्रेक. एका ठिकाणी इंजिन बंद पडलेच, आणि ब्रेकचे पेडल दगडासारखे कडक लागले. समोर उसाची ट्रॉली उभी होती. थोडक्यात निभावले. दुसऱ्या दिवशी ते एका गॅरेजात गेले. तिथे उत्तर मिळाले की, "इथेनॉलने कार्बोरेटर खाल्ला, नवा टाका." नवा टाकला. पैसे गेले, गाडी तशीच. पुढे खराबी सापडली ती ब्रेकच्या बूस्टरकडे जाणाऱ्या रबरी नळीत. नळीच्या टोकाला, क्लिपच्या खाली, नखाएवढी चीर पडलेली होती. नळीची किंमत नव्या कार्बोरेटरपुढे काहीच नव्हती.

ब्रेक कडक का लागला आणि गाडी बंद का पडली, या दोन्हींचे कारण ती एकच चीर. ते कसे, हे समजले की अर्धे निदान झालेच म्हणून समजा.

स्लोला इंजिन कसे चालते

इंजिनाला तीन गोष्टी लागतात. योग्य प्रमाणात पेट्रोल, योग्य प्रमाणात हवा आणि वेळेवर पडणारी ठिणगी. हे आपणां सर्वांना माहीत आहे. पण स्लोला या तिन्हींचे माप किती बारीक असते, ते क्वचितच लक्षात येते.

हिशेबच करून बघू. समजा, एक छोटी तीन सिलिंडरची गाडी स्लोला मिनिटाला ९०० फेरे घेते आणि तासाला साधारण ०.६ लिटर पेट्रोल खाते. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. म्हणजे मिनिटाला ४५० गुणिले ३, एकूण १,३५० वेळा पेट. तासाला झाले ८१,०००. सहाशे मिलिलिटर पेट्रोल एवढ्या वेळा वाटून दिले, तर एका वेळेला सुमारे ०.००७ मिलिलिटर येते. डोळ्यात घालायच्या औषधाच्या बाटलीतून पडणारा थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो. म्हणजे एका थेंबाचा सातवा भाग! तेवढेच पेट्रोल, आणि त्यात फरक पडला की इंजिन थरथरते, मिसिंग करते, बंद पडते.

गाडी वेगात असते तेव्हा कार्बोरेटरची पाकळी उघडी असते, हवा आणि पेट्रोल दोन्ही भरपूर आत येतात. त्यात थोडी इकडेतिकडे झाली तरी इंजिनाच्या ध्यानात येत नाही. पाय काढला की पाकळी जवळजवळ मिटते. मग मेन जेट थांबते आणि इंजिन एका वेगळ्या, बारीक वाटेने पेट्रोल घेते. तिला स्लोची जेट म्हणतात. तिचे भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्याच वेळी मिटलेल्या पाकळीखाली इंजिनाची ओढ सर्वांत जास्त असते. या ओढीवरच ब्रेकचा बूस्टर चालतो. त्याची नळी चिरली तर ब्रेकला मदत मिळत नाही, आणि चिरेतून फुकटची हवा आत शिरून मिश्रण पातळ होते. आता बागायतदारांची गोष्ट उलगडली ना? "रस्त्याला चांगली पळते, थांबली की मरते" या तक्रारीचा अर्थच असा, की मुख्य वाट ठीक आहे, दोष बारीक वाटेत किंवा चोरून शिरणाऱ्या हवेत आहे.

बंद केव्हा पडते?

मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी चार दिवस नीट बघा आणि मुलाच्या वहीत लिहून काढा. आजार डॉक्टरला सांगतो तसाच गाडीचा सांगावा लागतो. "बंद पडते" एवढ्याने काही कळत नाही.

सकाळी थंड असताना दोन-तीन मिनिटेच बंद पडते आणि नंतर ठीक चालते, असे असेल तर फार घाबरू नका. चोकची वायर पुरती ओढली जाते का ते बघा. थंडीत चोक लागणारच. याउलट गाडी तापल्यावरच बंद पडत असेल, पेट्रोलचा वास येत असेल आणि काळा धूर दिसत असेल, तर पेट्रोल जास्त होत आहे. चोक अर्धवट अडकला असेल, नाहीतर कार्बोरेटरच्या वाटीतली सुई झिजून पेट्रोल ओव्हर होत असेल. पाय काढताच, थंड असो की गरम, लगेच बंद पडत असेल तर स्लोची वाट. पावसानंतर किंवा गाडी धुतल्यानंतर सुरू झाले असेल तर ठिणगीची बाजू बघा, डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात दमट हवा बसलेली असते. तासभर चालून मग बंद पडते आणि पाच-दहा मिनिटांनी आपोआप चालू होते, असे असेल तर टाकीचे झाकण उघडून बघा. "फुस्स" असा आवाज येऊन हवा आत गेली, तर झाकणाचे श्वासाचे भोक बुजले आहे. पेट्रोल निघते, त्याच्या जागी हवा शिरत नाही, मग पंप ओढणार तरी किती? हे भोक धुळीने बुजते, आणि गाडी गोठ्याशेजारी उभी राहत असेल तर कुंभारीण माशीदेखील अशा भोकात मातीचे घर करते. हसू नका, मी स्वतः काडीने काढले आहे.

चोकची परीक्षा

हातात काहीही हत्यार नसताना करता येणारी ही सर्वांत चांगली परीक्षा. इंजिन पुरते गरम होऊ द्या. स्लोला थरथरत असताना चोक अगदी थोडा, बोटभर ओढा.

इंजिन सुधारले, आवाज एकसारखा झाला, तर मिश्रण पातळ होते. म्हणजे पेट्रोल कमी पडते किंवा हवा जास्त शिरते. उलट इंजिन आणखी धापा टाकू लागले, तर मिश्रण आधीच घट्ट आहे. काहीच फरक पडला नाही, नुसते मिसिंगच राहिले, तर बहुधा ठिणगी किंवा व्हॉल्वची बाजू आहे. पातळ मिश्रणाची आणखी एक खूण म्हणजे कार्बोरेटरमधून येणारी फुटफुट, जणू शिंक यावी तशी.

एवढ्यावरून आपण तीनपैकी कोणत्या रस्त्याने जायचे ते ठरते. हे न करता सरळ स्क्रू फिरवायला लागणे म्हणजे माती न तपासता खताचे पोते रिकामे करणे होय.

चोरून शिरणारी हवा

चोकने सुधारणा झाली तर प्रथम हवेची गळती शोधा, कारण तिला खर्च सर्वांत कमी.

कार्बोरेटरच्या खालून इंजिनाला जोडलेल्या सगळ्या रबरी नळ्या एकेक करून बोटांनी चाचपा. नळी वाकवून बघा. बरीचशी चीर क्लिपच्या खाली किंवा खालच्या बाजूला असते, वरून दिसत नाही. ब्रेकच्या बूस्टरची नळी, डिस्ट्रिब्युटरच्या डबीकडे जाणारी बारीक नळी, आणि ज्या तोटीला नळीच नाही तिची रबरी टोपी, ही तीन ठिकाणे विसरू नका. पूर्वी कुणी गॅसचे किट बसवून काढले असेल तर एखादी तोटी उघडीच राहून गेलेली असते. त्यानंतर कार्बोरेटरच्या बुडाचे नट. ते सैल झाले असतील तर आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. एकाच बाजूने करकचून आवळले तर बूड वाकते आणि मग गळती कायमची होते.

नळ्या ठीक दिसल्या तरी खात्रीसाठी एक युक्ती आहे. घरातला छोटा हातफवारा घ्या, इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारतात तो. (औषध फवारणीचा नको.) इंजिन स्लोला चालू ठेवून जोडांवर थोडे थोडे साधे पाणी फवारा. जिथे गळती आहे तिथे पाणी क्षणभर भोक बुजवते आणि इंजिनाचा आवाज एकदम बदलतो. डिस्ट्रिब्युटर, कॉइल आणि प्लगच्या वायरी यांवर पाणी मारू नका. काही जण हीच परीक्षा पेट्रोल शिंपडून करतात. तसे चुकूनही करू नये. गरम सायलेन्सरच्या नळीवर पेट्रोल पडले तर गाडीच काय, शेडही राहणार नाही.

आणि ही तपासणी शेड बंद करून करू नका. स्लोला चालणारे इंजिन विषारी वायू सोडते. त्याला वास नाही, रंग नाही. गाडी बाहेर, मोकळ्यावर आणा.

स्लोची जेट आणि टिक् असा आवाज

गळती नाही, तरी मिश्रण पातळ, तर स्लोची जेट कचऱ्याने बुजली आहे असे समजावे. मारुतीसारख्या गाडीच्या कार्बोरेटरवर तारेला जोडलेला एक छोटा गोल डबा असतो. त्याला सोलेनॉइड म्हणतात. चावी चालू केली की तो स्लोची वाट उघडतो, बंद केली की मिटवतो. इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवा आणि कान लावा, "टिक्" असा आवाज यायला हवा. आवाज नाही, तर आधी त्याची वायर सुटली आहे का, गंजली आहे का ते बघा. या एका सुटलेल्या वायरीपायी कार्बोरेटर बदललेल्या गाड्या आहेत.

आवाज येत असेल तर जेट काढून साफ करावी. हे काम पहिल्यांदा जाणत्या माणसाकडून करवून घ्या आणि शेजारी उभे राहून बघा. जेटमध्ये तार, सुई, टाचणी घालू नये. भोक अर्ध्या मिलिमीटरचे, ते एका केसाने जरी मोठे झाले तरी गाडी कायमची पेट्रोल जास्त पिणार. सायकलच्या पंपाने किंवा गॅरेजातल्या हवेने फुंकली की पुरे. तोंडाने पेट्रोल ओढणे, फुंकणे ही सवयही सोडा. पेट्रोल फुप्फुसात गेले तर जीव जाऊ शकतो.

आपल्या उसाचे इथेनॉल आपल्याच टाकीत

आता मूळ प्रश्न. इथेनॉलचा यात दोष किती?

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग २००१ साली आपल्या महाराष्ट्रातच मिरज आणि मनमाड येथे, आणि उत्तर प्रदेशात आंवला येथे झाले. २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. २०२२ मध्ये देश १० टक्क्यांवर पोहोचला आणि २०२५ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे, म्हणजे ई-२० पेट्रोल सर्वत्र झाले. यात आपला फायदा उघड आहे. एक टन उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल होते. कारखान्याला साखरेखेरीज दुसरे गिऱ्हाईक मिळाले आणि उसाच्या पैशाला आधार झाला. तेव्हा इथेनॉलला नुसती नावे ठेवून आपल्याला चालणार नाही. पण जुन्या गाडीवर त्याचा परिणाम होतच नाही, असे म्हणणेही खरे नाही. परिणाम चार प्रकारचे आहेत आणि ते वेगवेगळे ओळखावे लागतात.

पहिला परिणाम मिश्रणाचा. एक किलो शुद्ध पेट्रोल जाळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलला लागते फक्त ९ किलो, कारण त्याच्या अंगातच प्राणवायू असतो. कार्बोरेटर बिचारा मुका. त्याला टाकीत काय ओतले आहे ते कळत नाही, तो जुन्याच मापाने पेट्रोल सोडतो. साहजिकच ई-२० वर मिश्रण थोडे पातळ पडते. नव्या इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या नळीवर प्राणवायू मोजणारा सेन्सर असतो, तो माप दुरुस्त करून घेतो. मारुती ८०० मध्ये ही पद्धत २००० च्या सुमारास आली, त्याआधीची गाडी स्वतः सुधारत नाही. तरीही ध्यानात घ्या, निरोगी कार्बोरेटरची गाडी एवढ्या फरकाने सहसा बंद पडत नाही. थोडी अडखळते, सकाळी चोक जास्त मागते. पण आधीच एखादी नळी चिरलेली असेल, जेटमध्ये थोडा कचरा असेल, तर हा शेवटचा धक्का ठरतो. इथेनॉलने लपलेला दोष उघडा पाडला, असे म्हणणे जास्त बरोबर. लिटरमागे अंतरही थोडे घटते, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश एवढीच उष्णता असते. जुन्या चारचाकीत ही घट सहा-सात टक्क्यांची धरावी.

दुसरा परिणाम कचऱ्याचा, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त त्रास याचाच. वीस-पंचवीस वर्षे वापरलेल्या पत्र्याच्या टाकीत आतून गंज आणि चिकट थर बसलेला असतो. इथेनॉल तो थर सोडवते. सुटलेला गाळ आधी फिल्टरमध्ये आणि मग जेटमध्ये जातो. गाडी पूर्वी ठीक होती आणि हल्लीच बिघडली असेल, तर पेट्रोलचा फिल्टर बदलून बघा. पारदर्शक फिल्टर बसवला तर आत तांबूस गाळ डोळ्यांना दिसतो. एकदा बदलला की काम झाले असे नाही. गाळ सुटत असेपर्यंत दोन-तीन वेळा बदलावा लागेल. फारच गाळ असेल तर टाकी उतरवून धुवावी.

तिसरा परिणाम रबरावर. जुन्या प्रकारचे रबर इथेनॉलने फुगते, मऊ होते किंवा काही दिवसांनी तडकते. पेट्रोलच्या नळ्या, पेट्रोल पंपाचा पडदा, कार्बोरेटरमधल्या छोट्या पंपाचा पडदा ही नाजूक ठिकाणे आहेत. २०२३ च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना ई-२० सोसणारे भाग असतात, आपल्या गाडीला ते नाहीत. नळ्या बदलताना दुकानदाराकडे इथेनॉलला चालणारी नळी मागा. दिसायला सारखीच असते, किमतीत थोडा फरक असतो, पण तिथे काटकसर करू नका. पेट्रोलची नळी गळली तर गाडी नुसती बंद पडत नाही, पेट घेते. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर ती गाडी त्या दिवशी चालवू नये.

चौथा परिणाम पाण्याचा. पेट्रोल आणि पाणी मिसळत नाही, पण इथेनॉल पाण्याला जवळ करते. गाडी महिनोन्‌महिने उभी, टाकी अर्धी रिकामी, वर पावसाळा. टाकीतल्या हवेतली दमट वाफ थोडी थोडी इथेनॉलमध्ये उतरत जाते. झाकणाचे रबर गेले असेल तर पावसाचे पाणीही उतरते. पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. पंपाची नळी तळाशीच असते. इंजिनाला हेच प्यायला मिळाले तर ते कसे चालणार?

याची परीक्षा सोपी आहे. स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत पेट्रोल काढा आणि अर्धा तास सावलीत, चुलीपासून लांब ठेवा. चांगले पेट्रोल एकसारखे, निर्मळ दिसते. त्यात इथेनॉल असते, पण ते विरघळलेले असल्याने वेगळे दिसत नाही. गढूळ दिसले तर पाणी आहे. मध्ये रेघ पडून दोन थर झाले, तर टाकी पूर्ण रिकामी करण्यावाचून इलाज नाही. वर नवे पेट्रोल ओतून भागत नाही.

काही शेतकरी विचारतात की, इथेनॉल किती आहे ते घरी मोजता येईल का? ढोबळमानाने येते. मापाच्या उभ्या नळीत १०० मिलिलिटर पेट्रोल आणि २० मिलिलिटर पाणी घ्या, तोंड बंद करून हलवा आणि स्थिर होऊ द्या. इथेनॉल पाण्याकडे जाते आणि खालचा थर वाढतो. खालचा थर ४० मिलिलिटरच्या आसपास आला, तर इथेनॉल साधारण २० टक्के. हे प्रयोगशाळेचे माप नव्हे. आणि हे पेट्रोल परत टाकीत ओतू नये, हे सांगायला नकोच.

मघाच्या बागायतदारांच्या गाडीत इथेनॉलचा दोष नव्हता, बूस्टरच्या नळीतून पेट्रोल जातच नाही. ती नळी वयाने गेली. पण त्याच महिन्यात दुसऱ्या एका व्हॅनमध्ये फिल्टर तांबड्या गाळाने गच्च भरलेला निघाला, तो मात्र इथेनॉलने सोडवलेला. दोघांची तक्रार एकच, "पाय काढला की बंद." म्हणून कुणी न बघता उत्तर दिले, तर ते कितीही मोठ्या गॅरेजातले असो, बघून घ्या म्हणावे.

ठिणगीची बाजू

चोकने फरक पडला नसेल तर इकडे वळा. प्लग काढून रंग बघा. विटकरी, बदामी रंग म्हणजे ठीक. काजळीसारखा काळा म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरट म्हणजे मिश्रण पातळ. पेट्रोलने ओला असेल तर त्या सिलिंडरला ठिणगीच नाही. प्लग काढताना कोणता कुठला ते खूण करून ठेवा, नाहीतर सगळे निदान वाया जाते. प्लगमधले अंतर बऱ्याच गाड्यांत ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते, गाडीबरोबर आलेल्या पुस्तकातला आकडा प्रमाण मानावा. पद्मिनीसारख्या पॉइंटच्या गाडीत पॉइंट जळून खड्डे पडतात आणि अंतर बदलते, तेही बघावे. वायरी अंधारात तपासा. इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडले, की जिथून करंट निसटतो तिथे निळी ठिणगी चमकताना दिसते. हात मात्र लांब ठेवा.

टॅपेट फार घट्ट झाले असतील किंवा व्हॉल्व जळला असेल, तरी स्लोला एक सिलिंडर सोडतो. ते काम मिस्त्रीचे, त्यात आपण पडू नये.

उन्हाळ्याची गंमत वेगळीच. एप्रिल-मे मध्ये दुपारी बाजारात गाडी दहा मिनिटे उभी केली, परत सुरू केली की दोन फर्लांगावर बंद. इंजिनाच्या धगीने पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती ओढता येत नाही. पंपावर ओले फडके गुंडाळा, बॉनेट उघडे ठेवून थोडे थांबा. गाडी सावलीला लावणे हा त्यातला खरा उपाय.

स्क्रू सर्वांत शेवटी

कार्बोरेटरला दोन स्क्रू असतात, एक स्लोचा वेग ठरवणारा आणि एक मिश्रणाचा. गाडी बंद पडू लागली की जो तो पहिला स्लोचा स्क्रू आवळतो. स्लो वाढते, गाडी बंद पडत नाही, दोष मात्र झाकला जातो. पेट्रोल जास्त जळते, गिअर टाकताना गाडी उडी मारते, आणि चिरलेली नळी चिरत राहते.

नळ्या, फिल्टर, जेट, प्लग हे सगळे झाल्यावरच स्क्रूला हात लावा. मिश्रणाचा स्क्रू फिरवण्याआधी तो हलक्या हाताने आत नेत किती फेरे बसतात ते मोजा आणि लिहून ठेवा, म्हणजे बिघडले तर परत मूळ जागी आणता येते. टोकाला गेल्यावर दाबू नका, सुईच्या टोकाला खाच पडते. मग इंजिन गरम असताना, पाव-पाव फेरा फिरवून, जिथे आवाज सर्वांत एकसारखा आणि वेग सर्वांत चढा लागतो तिथे थांबवा. त्यानंतर दुसऱ्या स्क्रूने वेग पुस्तकातल्या आकड्यावर आणा. ई-२० वर मिश्रणाचा स्क्रू पूर्वीपेक्षा थोडा बाहेर ठेवावा लागतो, असे मला माझ्या गाडीत आढळले.

दोष सापडेपर्यंत ज्यांना गाडी चालवणे भागच आहे, त्यांनी एवढे करावे. कालव्याच्या पुलावर किंवा चढावर उसाच्या ट्रॉलीमागे चिकटून राहू नये. इंजिन बंद पडलेच तर ब्रेकचे पेडल पुन्हा पुन्हा दाबून सोडू नये, कारण बूस्टरमध्ये उरलेली ओढ एक-दोन दाबांतच संपते. एकदाच दाबावे आणि सर्व ताकद लावून दाबून धरावे. जोडीला हँडब्रेक.

फवारणीच्या पंपासाठी दोन शब्द

पेट्रोलवर चालणारा पाठीवरचा फवारणी पंप किंवा कोळपणीचे छोटे यंत्र यांचा कार्बोरेटर याच तत्त्वावर चालतो, भोके मात्र आणखी बारीक. द्राक्ष-डाळिंबाची किंवा भाजीपाल्याची फवारणी संपली की यंत्र तसेच पेट्रोलसह कोपऱ्यात ठेवले जाते आणि पुढच्या हंगामात दोरी ओढून ओढून खांदा दुखतो. हंगाम संपताच टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटरमधले उरलेले पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. दोन स्ट्रोकच्या यंत्रासाठी ऑइल मिसळलेले पेट्रोल महिनाभर पुरेल एवढेच करा, कॅनचे झाकण घट्ट लावा. गाडीचे उलटे आहे. ती दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे दमट हवेला आत जागा उरत नाही. आणि आठवड्यातून एकदा तरी ती गावाबाहेर चार-पाच किलोमीटर फिरवून आणा, नुसती दारात सुरू करून बंद करू नका.